आर्डिसने न वाचलेली ओळ

आर्डिस सॉचुकच्या स्वयंपाकघराला खिडकी एकच, आणि त्या खिडकीतून दिसतं ते लोर्ना गशूचं घर. दुसरं काही दिसतच नाही. पूर्वी तिथे नुसता उघडा खडक होता आणि त्यावर डोमकावळे बसायचे. आता तिथे लाकडी कोरीवकामाचं तीनमजली घर बसलंय. आर्डिस म्हणते, कावळे बरे होते.

मी डेन्झिल. दोघींच्या मधोमध, जरा खालच्या अंगाला राहतो, आणि मध्ये राहणाऱ्याला दोन्हीकडचं ऐकू येतं यात माझा काही दोष नाही. मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. यलोनाइफचं सरोवर वर्षातले सात महिने गोठलेलं असतं, त्यामुळे शेजाऱ्यांकडे लक्ष द्यायला मला भरपूर वेळ मिळतो.

आर्डिस मूळची मॅनिटोबाच्या शेतावरची. अठराव्या वर्षी खाणीच्या भटारखान्यात भांडी घासायला म्हणून इथे आली आणि एमिलशी लग्न करून राहिली. एमिल सोन्याच्या खाणीत खाली उतरतो. दिवसाला अकरा शब्द बोलतो, त्यांतले चार जेवणाबद्दल. दोघांनी सरोवराकाठच्या खडकावर स्वतःच्या हातांनी घर ठोकलं. जागा अर्थात त्यांची नव्हती. इथे कुणाचीच नव्हती; ज्याने जिथे पहिला खिळा मारला तिथे तो राहिला.

मग विमानतळाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये आर्डिसला काम लागलं. भूगर्भवाले उत्तरेच्या ओसाड माळावरून वाळूच्या पिशव्या आणायचे. ती वाळू धुऊन, चाळून, त्यातले जड दाणे तेवढे ठेवायचे. आर्डिस सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसायची आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक दाणा वेगळा करायची. गार्नेटचा जांभळा दाणा दिसला की बाजूला. काचेसारखा हिरवा दिसला की बाजूला. हे दाणे म्हणजे हिऱ्यांच्या खडकाचे सोबती. ते सापडले की हिरे असतीलच असं नाही, पण शोधायला कारण मिळतं. आठ वर्षं तिने हे केलं. मोहरीच्या दहाव्या हिश्शाएवढा दाणा बघून ती सांगायची, हा चांगल्या घरचा आहे, हा उगाच बरोबर आलाय.

ज्या कंपनीला आमच्या भागात सगळ्यांच्या आधी हिरे सापडले, तिच्या पिशव्या आर्डिसच्याच हातांखालून गेल्या. जगात कुणाला कळायच्या आधी तिला कळलं होतं. पण कामाला लागताना तिने कागदावर सही केली होती: इथे दिसेल ते बाहेर बोलायचं नाही, आणि त्याच्या जोरावर शेअर घ्यायचे नाहीत. तिने घेतले नाहीत. एमिलला सांगितलं नाही. मलासुद्धा सांगितलं नाही. मला! रोज सकाळी तिच्या टेबलाशी कॉफी पिणाऱ्याला! तिची ती सचोटी मी अजून माफ केलेली नाही.

आणि लोर्ना? लोर्ना मूळची न्यूफाउंडलंडची, नवरा वारलेला. तेव्हा ती खाणावळ चालवायची आणि वरच्या तीन खोल्या भाड्याने द्यायची. एका वैमानिकाने तीन महिन्यांचं भाडं थकवलं आणि जाताना पैशांऐवजी त्याच कंपनीचे शेअर तिच्या हातावर ठेवले. लोर्नाने त्याला झाऱ्याने बडवायचं तेवढं बाकी ठेवलं. कागद तिने चमच्यांच्या खणात तळाला अंथरले. अडीच वर्षांनी तो शेअर पन्नास डॉलरवर गेला, तेव्हा कुठे तिने चमचे बाहेर काढले.

ही बातमी आर्डिसला मीच दिली. अशी बातमी परक्याच्या तोंडून कळू नये.

तिने बराच वेळ कप पुसला. मग विचारलं, "तिला गार्नेट म्हणजे काय, हे तरी माहीत आहे का?"

"तिला वाटतं तो कुठला तरी गायक आहे," मी म्हणालो.

हे मी मनाने रचलं होतं. पण त्यावर आर्डिस आठवडाभर शांत झोपली, तेव्हा त्यात पाप काही नसावं.

शांतता आठवडाभरच टिकली, कारण मग घर उभं राहू लागलं. आमच्या सगळ्यांकडे बादलीचा संडास. आठवड्यातून दोनदा ट्रक येतो आणि घेऊन जातो. लोर्नाकडे मात्र कळ दाबली की पाणी धो धो सुटतं, आणि आर्डिस शपथेवर सांगते की तो आवाज तिला भिंतीतून ऐकू येतो. मागच्या ओट्यावर गरम पाण्याचा हौद. उणे पस्तीसच्या थंडीत लोर्ना त्यात डोक्याला लोकरी टोपी घालून बसते. वाफेचा खांब सरळ आभाळात जातो. आर्डिस खिडकीशी बटाटे सोलत असते आणि ती वाफ बघते. त्या दिवशीच्या बटाट्यांची सालं फार जाड निघतात, असं एमिलचं निरीक्षण आहे. ते त्याने मला चार शब्दांत सांगितलं.

हिऱ्यांची लाट आली तसं अख्खं गाव शेअर घेऊ लागलं. रोज नवी कंपनी. कुणी तळ्याजवळ हद्दीचे चार खांब ठोकले की त्याची कंपनी व्हायची. व्हँकुव्हरहून कंपन्यांची निवेदनं फॅक्सने यायची आणि मुख्य रस्त्यावरच्या दलालाच्या काचेवर चिकटायची. त्यांत काय लिहिलंय ते कुणाला कळायचं? आर्डिसला. शेड तोपर्यंत बंद पडून दक्षिणेकडे गेली होती. आर्डिस आता पोस्टात टपाल लावायची. पण शनिवारी सकाळी तिच्या स्वयंपाकघरात रांग लागायची. फी ठरलेली नव्हती. कुणी मासा आणायचं, कुणी मुरंबा, कुणी कॅरिबू हरणाच्या मांसाचा तुकडा.

एकदा टॅक्सीवाला बर्निस आला, हातात कागद नाचवत.

"आर्डिस, हे वाच. हिरेच हिरे!"

"किती किलो दगडातून?"

बर्निसने कागद उलटसुलट केला. "ते नाही लिहिलंय."

"मग हे निवेदन नाही, लग्नाची जाहिरात आहे. मुलगी देखणी, वय मात्र विचारू नका. ठेव खिशात."

दुसरा प्रश्न तिचा ठरलेला असे, मोठे हिरे किती. कारण सुरुवातीच्या दगडात सापडतात ते हिरे म्हणजे पिठाच्या कणांसारखे, अंगठीत सोडा, डोळ्यांत गेले तरी कळायचे नाहीत. त्यांत काही जरा मोठे असले, तरच खाली खरे खडे असण्याची आशा. आणि मोठे म्हणजे कसे मोठे? इथे ती उठायची, पीठ चाळायची चाळणी घ्यायची आणि तीत मूठभर वाटाणे आणि मूठभर काळा जंगली भात टाकायची. चाळणी हलवली की भाताचा लांब दाणा उभा राहायचा आणि भोकातून सुळकन खाली. वाटाणा वरच.

"हा लांब आहे, पण मोठा नाही," ती भाताचा दाणा उचलून सांगायची. "कुठली कंपनी नुसती लांबी मोजते, कुठली लांबी आणि रुंदी दोन्ही. कोणती काय करते ते तळाशी बारीक अक्षरात असतं. आधी तळ वाचायचा."

लोर्नाही एकदा त्या रांगेत आली होती. नवा फरचा कोट, हातात रुबार्बच्या आंबट देठांचा केक. आर्डिसने तिला सगळं दाखवलं, इतरांपेक्षा दुप्पट सावकाश, जसं काही तिला दुपारी शाळेत परीक्षा द्यायची होती.

"कळलं का लोर्ना? की चमच्यांनी समजावू?"

सगळे हसले. लोर्नासुद्धा हसली. केक तिथेच ठेवून गेली. तो आर्डिसने खाल्ला नाही. मी खाल्ला. चांगला होता, हे मी आर्डिसला सांगितलं आणि दोन दिवस कॉफी मिळाली नाही.

मग आमच्या खडकावर नगरपालिकेची नोटीस आली. ज्यांना आपल्या घराखालची जागा नावावर करून हवी, त्यांनी तीस एप्रिलपर्यंत रक्कम भरावी. नंतर लिलाव. हा चौऱ्याण्णव सालचा हिवाळा. सॉचुक मंडळींकडे साठवलेले पैसे होते ते लागणाऱ्या रकमेच्या तिसऱ्या हिश्शाएवढे. आर्डिसने महिनाभर कागद वाचले आणि फेब्रुवारीत ते सगळे 'लेम लून' नावाच्या कंपनीत घातले, एकतीस सेंटला एक शेअर. एमिलला विचारून घातले. तो म्हणाला, "तू वाचतेस, मी खणतो." त्या दिवशी त्याचे बाकीचे शब्द शिल्लकच राहिले असतील.

आर्डिसने लून घेतले म्हटल्यावर बर्निसने घेतले. पोस्टातल्या बायकांनी घेतले. शाळेच्या शिपायाने घेतले. मी घेतले. ती कुणाला "घ्या" म्हणाली नव्हती, पण वैद्य स्वतः जे औषध पितो ते कोण सोडतं?

मार्चच्या मध्यावर एका बुधवारी लूनचा फॅक्स आला. बर्निस टॅक्सी अर्धी फुटपाथवर चढवून तो घेऊन आला. आर्डिसने चष्मा लावला. दोनशे दहा किलो दगडातून एकशे चौसष्ट हिरे, त्यांत मोठे नऊ.

"नऊ," आर्डिस म्हणाली आणि कागद खाली ठेवला. "डेन्झिल, तिच्या कंपनीच्या पहिल्या कागदात मोठे किती होते, आठवतं?"

'तिच्या' म्हणजे कुणाच्या ते विचारायची गरज नव्हती. "सहा."

"सहा! आणि माझे नऊ!" आणि खिडकीकडे वळून तिने असं काही बघितलं की त्या हौदातलं पाणी गार व्हावं.

दोन दिवसांत लून एक डॉलर दहा सेंटवर गेला. एवढ्यात जागेची रक्कम उभी राहत होती. एमिल खाणीवरून आला, बूट काढले आणि म्हणाला, "विक."

"आत्ता? तिचा पन्नासला गेला होता, एमिल."

"आपल्याला पन्नास नकोत. जागा हवी."

एका दमात पाच शब्द. मी कपातून डोकं वर काढलं.

"जागा तर घेईनच," आर्डिस म्हणाली. "पण ती घेऊन तिच्या खालीच राहायचं? माझे हिरे तिच्याहून जास्त आहेत. तिच्याएवढा भाव येऊ दे, मग विकते."

पुढच्या शुक्रवारी भाव दोन साठ. आता खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण मला एक गोष्ट कळली होती आणि ती माझ्या पोटात राहीना.

"आर्डिस, राग नको मानूस. लोर्ना नगरपालिकेत तुझ्या जागेची चौकशी करून आली. लिलाव झाला तर तिला हवी आहे म्हणे. बोटीला धक्का बांधायला."

मला वाटलं होतं, हे ऐकून ती घाबरेल आणि फोन उचलेल. तिने लाटणं उचललं.

"धक्का? माझ्या स्वयंपाकघरावर? सांग तिला, जागा मी घेणार आणि वर तीन मजले चढवणार. चौथासुद्धा. तिच्या हौदावर सावली पडेल असा!"

त्या शनिवारी सरोवरावर जत्रा होती. हिवाळा संपत आला की गोठलेल्या बर्फावर आम्ही ती भरवतो: कुत्र्यांच्या शर्यती, लाकडं कापायच्या शर्यती आणि चहा उकळायची शर्यत. एक ओंडका, एक कुऱ्हाड, काडेपेटी, फुंकणी आणि बर्फाने भरलेला डबा. ज्याचं पाणी आधी उकळेल तो जिंकला. आर्डिस पाच वेळा जिंकलेली. या वर्षी तिच्या शेजारच्या चौकोनात, पांढरा फर लावलेला कोट घालून, लोर्ना उभी. पहिल्यांदाच.

"कोटाला ठिणगी लागेल हो!" आर्डिस गोड आवाजात म्हणाली.

"लागू दे, दुसरा आहे," लोर्ना तितक्याच गोड आवाजात म्हणाली.

शिट्टी झाली. आर्डिसचा ओंडका चार घावांत फुटला, आणि तिची आग पेटली तेव्हा लोर्ना अजून कुऱ्हाडीची बाजू ठरवत होती. भोवती निम्मं गाव उभं होतं आणि त्या निम्म्या गावाच्या खिशात लून होता. लोर्नाच्या ओंडक्यातून नुसता धूर येत होता. ती डोळे चोळत आर्डिसकडे वळली.

"आर्डिस, एक विचारू? हसू नकोस."

"हसायला सवड नाही. विचार."

"ते तुझे नऊ मोठे हिरे. ते वाटाण्यासारखे मोठे, की भातासारखे?"

पहिल्यांदा बर्निस हसला. बाकीचे हसायच्या बेतात होते, पण त्यांनी आर्डिसकडे पाहिलं आणि तोंडं मिटली. आर्डिसच्या हातात फुंकणी होती आणि ती फुंकत नव्हती.

"तुला काय करायचंय?" ती म्हणाली. "तुझे आहेत का त्यात?"

"आहेत ना. वीस हजार शेअर."

"तू का घेतलेस?"

"तू घेतलेस म्हणून." लोर्नाने नाक पुसलं. "सगळं गाव तुझ्याकडे येतं. मला काही विचारायला कोण येतं? पैसे मागायला येतात तेवढेच. म्हटलं, निदान तुझ्याइतके तरी घ्यावेत."

आर्डिसने हातमोजा दातांनी ओढून काढला, कोटाच्या आतून तो फॅक्स काढला आणि उलगडला. डोळे सरळ तळाशी गेले. तिच्या डब्यातलं पाणी तेवढ्यात उकळायला लागलं होतं. कुणीतरी ओरडलं, "आर्डिस, हात वर कर! उकळलं!" तिने हात वर केला नाही. वळताना तिच्या गुडघ्याचा धक्का लागून डबा आगीत कलंडला आणि चर्र झालं. शर्यत तिसऱ्याच कुणीतरी जिंकली. आर्डिस कागद मुठीत धरून बर्फावरून सरळ घराकडे चालत गेली.

रविवारी सकाळी मी बॅनॉक, म्हणजे इथला तव्यावरचा जाड पाव, भाजला आणि तो गरम गरम घेऊन तिच्याकडे गेलो. धीर द्यायला. बरं, बघायलाही.

टेबलावर फॅक्स, पेन्सिल आणि जुन्या कंपनीचं जुनं निवेदन. एमिल चुलीशी बसला होता.

"नऊपैकी दोन," आर्डिस म्हणाली.

"आणि बाकीचे सात?"

"भात. यांनी नुसती लांबी मोजली. लांबी-रुंदी दोन्ही धरली तर अर्ध्या मिलिमीटरवर दोनच राहतात. तिच्या कंपनीने दोन्ही धरूनच सहा सांगितले होते. आणि ते सत्तर किलोतून, डेन्झिल. माझे दोन दोनशे दहातून."

"छापताना चुकलं असेल."

"छापलेलं बरोबर आहे. तळाशी, बारीक अक्षरात. सगळ्यांच्या कागदाचा मी आधी तळ वाचते. या कागदात नऊपर्यंत वाचलं आणि खिडकीकडे बघितलं."

मी बॅनॉक पुढे सरकवला.

"अजून काही बिघडलं नाही," मी म्हणालो. "बाजार उद्या साडेसातला उघडतो. पहिला फोन तुझा. दोन साठला सगळे विकून टाक, जागा तुझी. कुणाला सांगायची काही गरज नाही."

"आणि बर्निस? पोस्टातल्या पोरी?"

"त्यांना तू घ्या म्हणाली होतीस का?"

"नव्हते." ती पेन्सिल टेबलावर उभी धरून फिरवत राहिली. "आज सांगितलं तर उद्या सगळे एकदम विकतील. एवढासा शेअर, कोसळेलच. माझ्या हाती काय लागेल ते देव जाणे. जागा जाईल."

"म्हणून तर म्हणतो."

"आणि दुसरंही आहे." आता तिने आवाज खाली आणला, जसं काही भिंतीपलीकडून कुणी ऐकत होतं. "सांगायचं तर हेही सांगावं लागेल की तिने विचारलं म्हणून कळलं."

खरं सांगतो, जागा जाईल म्हणताना तिचा चेहरा बरा होता. हे म्हणताना माशाचा गळ गिळल्यासारखा झाला.

चुलीशी एमिल हलला. "सांग," तो म्हणाला.

दुपारी कुत्र्यांची शर्यत संपल्यावर आर्डिस सरोवरावर गेली आणि निवेदकाच्या हातून ध्वनिक्षेपक घेतला. मी गर्दीत पुढेच होतो. लोर्ना दुसऱ्या टोकाला, पांढऱ्या फरात.

"मी आर्डिस सॉचुक," ती म्हणाली, जसं काही कुणाला ठाऊक नव्हतं. "लूनचा कागद मी नीट वाचला नव्हता. नऊ मोठे म्हटलेत त्यांतले सात मोठे नाहीत. नुसते लांब आहेत. ज्यांनी माझं बघून घेतले असतील त्यांनी उद्या आपापलं बघावं. हे मला लोर्ना गशूने विचारलं, तिने बरोबर विचारलं."

शेवटचं वाक्य तिने एवढ्या घाईत म्हटलं की त्यातला एक शब्द दुसऱ्यापासून सुटा होईना.

"शेवटचं ऐकू आलं नाही!" मागून कुणीतरी ओरडलं.

मागून नाही, पुढून. आणि कुणीतरी नाही, मीच. मला राहवलं नाही.

आर्डिसने माझ्याकडे असं बघितलं की आजही ते आठवलं तर मी कोटाची बटणं लावतो. मग पुन्हा, सावकाश, एकेक शब्द तोडून म्हणाली, "लोर्ना गशूने बरोबर विचारलं." आणि ध्वनिक्षेपक परत दिला.

सोमवारी साडेसातला दलालाची एकच फोनलाइन आणि तिच्यावर अर्धं गाव. मी सव्वासातपासूनच नंबर फिरवत होतो, त्यामुळे माझे एक पंचाहत्तरला गेले. बर्निसचे दीडला. पोस्टातल्या बायका एक वीसवर सुटल्या. आर्डिसला लाइन मिळाली तेव्हा साडेनऊ वाजले होते. तिचे शेअर अठ्ठ्याहत्तर सेंटला गेले. जागेला सहावा हिस्सा कमी पडला. एमिलने स्नोमोबाइल विकली. ती मीच घेतली, जरा स्वस्तातच, कारण घाई त्याला होती, मला नव्हती. अठ्ठावीस एप्रिलला जागा त्यांच्या नावावर झाली.

राहिली लोर्ना. तिचे वीस हजार किती भावाने गेले, हे आर्डिसने मला तीनदा विचारलं. म्हणून मी तिच्याकडे गेलो. ती हौदात होती, टोपी घालून.

"विकले?" लोर्ना म्हणाली. "मी काय वेडी आहे? आणखी वीस हजार घेतले."

"अगं, पण तूच विचारलंस ना? वाटाणा की भात?"

"विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं. पण मग ती काय करते? भर जत्रेत उभी राहून म्हणते, लोर्नाचं बरोबर आहे! आर्डिस सॉचुक! डेन्झिल, बावीस वर्षं मी त्या बाईला ओळखते. ती मला रस्त्यात हात करत नाही. अशी बाई माझं बरोबर म्हणते, म्हणजे आत काहीतरी आहे. सगळ्यांना घाबरवून विकायला लावायचं आणि स्वस्तात स्वतः गोळा करायचं. मला काय कळत नाही?"

मी तिला सांगितलं की आर्डिसने खरंच विकले. ती हसली आणि मला टॉवेल द्यायला सांगितलं.

हे मी आर्डिसला सांगितलं नाही. म्हणजे, त्या आठवड्यात नाही. सप्टेंबरमध्ये लूनने मोठा नमुना काढला, ट्रकभर दगड, आणि त्यात विकण्याजोगा एक खडा निघाला नाही. शेअर चार सेंटवर आला. मग मात्र मला थांबवेना.

आर्डिस नव्या कुंपणाला रंग देत होती. तिच्या स्वतःच्या जागेचं स्वतःचं कुंपण. मी सगळं सांगितलं. हौद, टॉवेल, आणखी वीस हजार, ट्रकभर दगड. ऐकताना तिचा चेहरा असा उजळला की इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता.

"चाळीस हजार शेअर!" ती म्हणाली. "सगळे? काय म्हणाली ती? रडली?"

इथे मी खोटं बोलू शकलो असतो. आर्डिसने महिनाभर मला कॉफीबरोबर दालचिनीचे पाव खाऊ घातले असते. पण खरं जास्त मजेचं होतं.

"दलालाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. ती म्हणाली, कुठला लून? त्याने समजावून सांगितलं, तेव्हा म्हणाली, अच्छा, तो. आणि मला विचारलं, चहात साखर किती?"

आर्डिसचा ब्रश हवेतच राहिला. त्यातून रंगाचा थेंब तिच्या बुटावर पडला.

"आठवतसुद्धा नव्हतं?"

"नव्हतं."

"चाळीस हजार गेले आणि तिला आठवत नव्हतं!" तिने ब्रश डब्यात आपटला. "त्या बाईला वाईट वाटायला किती हजार जावे लागतात?"

घरातून एमिल बाहेर आला, कुंपणाकडे बघितलं, जागेकडे बघितलं, समाधानाने एकदा मान हलवली आणि परत आत गेला. त्याला काही ऐकू आलं नसावं. आलं असेल तरी त्याचे दिवसाचे शब्द संपले होते.

आर्डिसने वर लोर्नाच्या घराकडे एक नजर टाकली. मग एप्रनला हात पुसत माझ्याजवळ आली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आता तिने कुठला शेअर घेतलाय?"

मी कंपनीचं नाव सांगितलं.

"कागद आलाय का त्यांचा?"

"कालच. काचेवर लावलाय."

"घेऊन ये," ती म्हणाली आणि चष्मा शोधायला आत गेली.